पगारवाढीऐवजी नाव : मेल ब्लँक यांच्या एका सौद्याचं प्रकरण

प्रकरण थोडक्यात

१९४० च्या दशकात अमेरिकेतल्या थिएटरांत मुख्य सिनेमाआधी सात-आठ मिनिटांचं कार्टून लागायचं. बग्स बनी हा ससा, डॅफी हे बदक आणि पोर्की हे डुक्कर पोरासोरांनाही नावानिशी ठाऊक होतं. या तिघांच्या तोंडून बोलणारा माणूस एकच होता, मेल ब्लँक. त्यांचं नाव पडद्यावर कुठेच येत नव्हतं. त्यांनी मालकाकडे पगारवाढ मागितली, ती नाकारली गेली, आणि तिच्या बदल्यात त्यांनी पडद्यावर नाव मागून घेतलं.

आवाजाच्या धंद्यातल्या यशाची गोष्ट म्हणून हा सौदा नेहमी सांगितला जातो, आणि ती यशाची गोष्ट आहेच. पण त्या सौद्यात काय मिळालं, काय मिळालं नाही आणि कुणाला काहीच मिळालं नाही, हे तिन्ही एकत्र पाहिल्याशिवाय प्रकरण पुरतं समजत नाही. अशा प्रकरण-अभ्यासात एरवी नावं झाकली जातात. इथे सारा प्रश्नच नावाचा आहे आणि माणसं सार्वजनिक इतिहासातली आहेत, म्हणून ती उघड ठेवली आहेत. एक गोष्ट आधीच सांगायला हवी. मालक आणि कलाकार यांच्यात काय बोलणं झालं ते आपल्याला मुख्यतः ब्लँक यांच्या १९८८ च्या आत्मचरित्रातून कळतं, म्हणजे एकाच बाजूनं. पडद्यावर कधी कोणतं नाव आलं, हे मात्र चित्रपट पाहून कुणालाही ताडून बघता येतं.

पार्श्वभूमी

ब्लँक यांचा जन्म ३० मे १९०८ चा, सॅन फ्रान्सिस्कोचा. बालपण ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडमध्ये गेलं. १९२७ मध्ये ते तिथल्या केजीडब्ल्यू रेडिओ केंद्रावरच्या ‘हूट आउल्स’ या कार्यक्रमात दाखल झाले. १९३३ मध्ये एस्टेल रोझेनबॉम यांच्याशी लग्न झालं आणि त्याच सुमारास दोघांनी मिळून केईएक्स केंद्रावर ‘कॉबवेब अँड नट्स’ हा रोजचा कार्यक्रम सुरू केला. केंद्र इतर नटांचे पैसे द्यायला तयार नव्हतं, त्यामुळे सगळी पात्रं नवरा-बायकोलाच करावी लागायची. एका प्रसंगात चार माणसं भांडताहेत आणि चौघांचे आवाज एकाच गळ्यातून निघताहेत, ही तालीम त्या काटकसरीतून झाली. पुढच्या सगळ्या कारकिर्दीचं बळ मला या दिवसांत दिसतं. त्यांना एक आवाज चांगला काढता येत होता, एवढंच त्यांचं वेगळेपण नव्हतं. एका आवाजातून दुसऱ्यात श्वास न मोडता जाता येत होतं.

१९३५ च्या सुमारास हे जोडपं लॉस एंजेलिसला आलं. लिऑन श्लेसिंगर तिथे कार्टून बनवून वॉर्नर ब्रदर्सला विकत असत. स्टुडिओ त्यांच्या खासगी मालकीचा होता आणि खर्चाच्या बाबतीत त्यांचा हात आखडता असे. ब्लँक तिथे खेटे घालत राहिले. आवाजांचं काम पाहणारे नॉर्मन स्पेन्सर दर वेळी ‘हवे तेवढे आवाज आहेत आमच्याकडे’ असं सांगून त्यांना परत पाठवायचे. अखेर ध्वनिसंपादक ट्रेग ब्राउन यांनी ब्लँक यांना ऐकून घेतलं आणि काम दिलं. १९३७ च्या ‘पिकॅडॉर पोर्की’मध्ये त्यांनी एका दारू प्यायलेल्या बैलाला आवाज दिला.

पोर्कीचा आवाज तेव्हा जो डॉगर्टी देत असत. ते खरोखरच अडखळत बोलायचे, आणि अडखळणं त्यांच्या ताब्यात नव्हतं. ध्वनिमुद्रण लांबायचं, फिल्म वाया जायची. स्टुडिओला अडखळणं हवं होतं, पण घड्याळात बसणारं. ब्लँक यांनी ते अक्षराअक्षरावर आणून दिलं. १९३७ च्याच ‘पोर्कीज डक हंट’पासून पोर्की त्यांचा झाला, आणि त्याच चित्रपटात डॅफी पहिल्यांदा आला, तोही त्यांच्याच आवाजात. २७ जुलै १९४० रोजी टेक्स एव्हरी यांनी दिग्दर्शित केलेला ‘अ वाइल्ड हेअर’ प्रदर्शित झाला. बग्स बनीचं आज ओळखीचं असलेलं रूप तिथून सुरू होतं. त्याच वर्षी वॉल्टर लँट्झ यांच्या स्टुडिओसाठी ब्लँक यांनी वुडी वुडपेकर या सुतारपक्ष्याला आवाज दिला आणि त्याचं ते खदाखदा हसणंही दिलं. हे हसणं पुढे कोर्टापर्यंत गेलं.

काम चालायचं कसं, तेही थोडक्यात. या स्टुडिओत संवाद आधी रेकॉर्ड व्हायचे आणि चित्रं नंतर काढली जायची. चित्रकार आवाज ऐकून तोंडाच्या हालचाली ठरवत. ब्लँक एका पात्राची सगळी वाक्यं सलग बोलून घ्यायचे, मग दुसऱ्याची, आणि संपादक ती जोडायचे. डॅफी आणि ट्वीटी हा छोटा पक्षी यांचे संवाद वेग बदलून वरच्या पट्टीत नेले जायचे, म्हणून बोलताना उच्चार मुद्दाम सावकाश आणि स्वच्छ ठेवावे लागत. डॅफी आणि सिल्व्हेस्टर मांजर यांचे आवाज मुळात जवळजवळ सारखे आहेत. डॅफीचा वेग वाढवलेला आहे, एवढाच फरक. म्हणजे चित्रं बोलू लागण्याआधीच पात्राचा स्वभाव ठरलेला असायचा, आणि तो ठरवणाऱ्यांत आवाजाचा कलाकार पहिल्या रांगेत होता. हिशेबाच्या वहीत मात्र त्याचं काम काही तासांचंच दिसे.

पेच

पहिला मोठा निर्णय १९४१ चा. श्लेसिंगर यांनी नियमित कामाचा करार देऊ केला. अट अशी, की दुसऱ्या कोणत्याही स्टुडिओच्या कार्टूनला आवाज द्यायचा नाही. ब्लँक यांनी सही केली. वुडी सुटला, इतर स्टुडिओंची दारं मिटली आणि बदल्यात नियमित काम आलं. बंधन कार्टूनपुरतंच होतं. रेडिओ मोकळा राहिला. करारातली ही मोकळीक पुढे किती मोलाची ठरली ते खाली येईलच. माझ्या मते या प्रकरणातलं सगळ्यांत शहाणपणाचं कलम तेच होतं, आणि त्याची चर्चा सगळ्यांत कमी होते.

दोनेक वर्षांत चित्र बदललं. युद्धाच्या दिवसांत बग्स बनी देशभर लाडका झाला. अमेरिकी लष्करानं सैनिकांच्या प्रशिक्षणासाठी ‘प्रायव्हेट स्नाफू’ ही कार्टून-मालिका करवून घेतली, तिच्यातला आवाजही ब्लँक यांचाच. कामाचा बोजा वाढला, पात्रं वाढली. पण एकाच स्टुडिओशी बांधणाऱ्या करारामुळे भाव वाढवून मागायचा तर दुसरं गिऱ्हाईक दाखवता येत नव्हतं. त्याच स्टुडिओतल्या चित्रकारांनी मे १९४१ मध्ये टाळेबंदी सोसून युनियनचा करार पदरात पाडून घेतला होता. ब्लँक मालकासमोर एकटे उभे होते.

नावाचं म्हणाल तर तेव्हा रिवाजच नव्हता. डिस्नेच्या १९३७ च्या ‘स्नो व्हाइट’मध्ये नायिकेला आवाज देणाऱ्या आद्रियाना कासेलोत्ती यांचंही नाव श्रेयनामावलीत नव्हतं. श्लेसिंगर यांच्या कार्टूनमध्ये सुरुवातीच्या पाटीवर निर्माता, दिग्दर्शक, कथाकार, संगीतकार आणि एक चित्रकार एवढीच नावं यायची. तो चित्रकारही पाळीपाळीनं. चार-पाच जणांनी मिळून हालचाली काढल्या तरी त्या खेपेला पाळी असलेल्याचंच नाव लागे. अशा पाटीवर नवी ओळ मागणं ही लहान मागणी नव्हती.

समोरचे पर्याय

गप्प बसून मिळेल त्या पगारावर काम करत राहणं हा पहिला पर्याय. घर चालत होतं, पात्रं हातात होती, तेव्हा तो अगदीच वेडेपणाचा म्हणता येणार नाही.

सोडून जाणं हा दुसरा. करार संपेपर्यंत दुसऱ्या कार्टून स्टुडिओत जाता येत नव्हतं, पण रेडिओवर त्यांचा जम बसत होता. जॅक बेनी यांच्या लोकप्रिय कार्यक्रमात ते १९३९ पासून होते. तिथे आधी अस्वलाची गुरगुर करायचे, मग पात्रं मिळत गेली. बेनी यांच्या जुनाट मॅक्सवेल गाडीची धापाही त्यांचीच. प्रसारणाच्या वेळी गाडीच्या आवाजाची तबकडी वेळेवर वाजली नाही आणि ब्लँक यांनी तोंडानंच गाडी सुरू करून दिली, असं ते सांगत. म्हणजे कार्टून सोडलं तरी उपाशी मरायची वेळ नव्हती. पण सोडलं असतं तर बग्स मागेच राहिला असता. पात्र स्टुडिओचं होतं, आणि कुणीतरी दुसरा नकल्या आज ना उद्या सापडलाच असता.

तिसरा पर्याय रेकॉर्डिंगवर किंवा पुढच्या कमाईवर हक्क मागण्याचा. हा तेव्हा जवळजवळ कुणाच्या मनातही नव्हता. कार्टून थिएटरात लागलं, उतरलं, संपलं. ते घराघरांत पुन्हा पुन्हा दाखवलं जाईल असं यंत्र अजून लोकांच्या दिवाणखान्यात आलं नव्हतं.

चौथा पर्याय नावाचा. श्लेसिंगर यांना तो फुकटात पडत होता. पाटीवर एक ओळ जास्त रंगवायची, बस्स. आवळा देऊन कोहळा काढल्यासारखं त्यांना वाटलं असेल. पगारवाढ दर आठवड्याला खिशातून जाते, नावाची ओळ एकदाच लिहावी लागते. ब्लँक यांच्या बाजूनं हिशेब निराळा होता. कार्टूनमधला पैसा वाढणार नव्हता हे दिसतच होतं. नाव दिसलं तर रेडिओवाल्यांना कळणार होतं की हा ससा, हे बदक आणि हे डुक्कर एकच माणूस आहे. पैसा तिकडून येणार होता. दोघांनीही आपापल्या जागी बरोबर हिशेब केला होता.

निर्णय आणि अंमल

करार झाला आणि ‘आवाज व पात्ररचना : मेल ब्लँक’ अशा अर्थाची ओळ पाटीवर आली. जानेवारी १९४४ मध्ये प्रदर्शित झालेला ‘लिटल रेड रायडिंग रॅबिट’ हा त्यांचं नाव असलेला पहिला चित्रपट मानला जातो.

या पहिल्याच चित्रपटाशी थांबायला हवं. त्यात बग्स ब्लँक यांचा आहे. लांडग्याचा आवाज बिली ब्लेचर यांचा आहे. किंचाळत प्रश्न विचारणारी, सगळ्यांच्या डोक्याला ताप देणारी ती लाल टोपीवाली पोरगी बी बेनाडेरेट यांची आहे, आणि चित्रपटातला निम्मा हशा तिच्या वाट्याचा आहे. पाटीवर नाव एकट्या ब्लँक यांचं.

नाव मिळालं म्हणजे सगळीकडे मिळालं असंही नाही. सुरुवातीला ते बग्स बनीच्या चित्रपटांपुरतं होतं. मार्च १९४५ मध्ये करारात सुधारणा होऊन पोर्की आणि डॅफी यांचे चित्रपट त्यात आले. पण सुधारणेआधी तयार झालेल्या चित्रपटांना ती लागू नव्हती. त्यामुळे १९४६ मध्ये लोकांसमोर आलेल्या ‘बुक रिव्ह्यू’ आणि ‘बेबी बॉटलनेक’ या दोन नावाजलेल्या कार्टूनमध्ये ब्लँक यांचं नाव नाही. १९४६ च्या अखेरीपासून वॉर्नरच्या ज्या कार्टूनला त्यांचा आवाज असेल त्यावर नाव येऊ लागलं. मधल्या काळात, जुलै १९४४ मध्ये, श्लेसिंगर यांनी स्टुडिओ वॉर्नर ब्रदर्सला विकून टाकला होता. मालक बदलूनही कलम टिकलं आणि वाढलं, याचं कारण ते तोंडी आश्वासनावर न राहता करारात लिहिलेलं होतं.

आणखी एक फट होती. १९४३ पासून स्टुडिओ जुनी कार्टून ‘ब्लू रिबन’ या नावाखाली पुन्हा थिएटरांत लावू लागला. नवी शीर्षकं जोडताना मूळ श्रेयनामावली कापली जायची. चित्रकार, कथाकार, दिग्दर्शक, ज्यांची नावं होती ती सगळी एका फटक्यात जायची. मूळ चित्रपटावर नाव मिळवणं आणि ते पुढच्या प्रत्येक प्रतीवर टिकवणं हे दोन वेगळे हक्क आहेत. इथे पहिलाच मागितला गेला.

परिणाम

ब्लँक यांच्यापुरतं पाहिलं तर सौदा फळाला आला. रेडिओवर मागणी वाढली. बर्न्स आणि ॲलन यांच्या कार्यक्रमात रडक्या आवाजात सदैव आनंदी असल्याचं सांगणारा पोस्टमन ते करत. सप्टेंबर १९४६ ते जून १९४७ या काळात सीबीएस या रेडिओ-जाळ्यावर त्यांच्या स्वतःच्या नावाचा कार्यक्रम झाला. तो एकच हंगाम टिकला, पण चार वर्षांपूर्वी ज्याचं नाव कुठे छापलं जात नव्हतं त्याच्या नावानं कार्यक्रम विकला जात होता. कॅपिटल रेकॉर्ड्सनं त्यांच्या तबकड्या काढल्या. हे सगळं श्रेयनामावलीमुळेच झालं असं म्हणणं बरोबर नाही. बेनी यांच्याकडचं काम आधीचंच होतं, आणि गुण नसता तर नावानं काय केलं असतं? पण पडद्यावरचं नाव आणि रेडिओची मोकळीक एकमेकींना पूरक ठरल्या. रेडिओवर बंदी असती तर ते नाव शोभेपुरतं उरलं असतं.

मान मात्र नावाच्या मागोमाग आला नाही. १९४७ च्या ‘ट्वीटी पाय’नं वॉर्नरला कार्टूनचं पहिलं ऑस्कर मिळवून दिलं. तिथपासून १९५८ पर्यंत त्या विभागातली पाच ऑस्कर स्टुडिओकडे आली. पाचही चित्रपटांत ब्लँक बोलले आहेत. नियमाप्रमाणे पुतळा निर्मात्याकडे जायचा. निर्माते एडवर्ड सेल्झर १९७० मध्ये वारले, तेव्हा त्या पाचांतल्या ‘बर्ड्स ॲनॉनिमस’चा पुतळा त्यांच्या इच्छेनुसार ब्लँक यांच्याकडे आला.

पैशाची कथा जास्त कडू आहे. १९५५-५६ मध्ये वॉर्नरनं आपली जुनी कार्टून टीव्हीसाठी विकून टाकली. मग ती रोज दुपारी, पिढ्यान्‌पिढ्या दाखवली गेली. १९६० मध्ये हॉलिवूडच्या नटांनी संप केला तो याच प्रश्नावर, सिनेमा टीव्हीवर दाखवला तर नटाला काय? तडजोडीत १९६० नंतरच्या चित्रपटांना पुनर्प्रक्षेपणाचा मोबदला मिळाला. आधीच्या चित्रपटांचा हक्क सोडून द्यावा लागला आणि बदल्यात पेन्शन व आरोग्यनिधी आला. ब्लँक यांचं सर्वोत्तम काम जवळजवळ सगळं त्या रेषेच्या आधीचं आहे.

वुडीच्या हसण्याचं प्रकरणही इथेच मोडतं. ब्लँक लँट्झ यांच्याकडून निघून गेल्यावरही त्यांनी रेकॉर्ड केलेलं हसणं चित्रपटांत वापरलं जात राहिलं. १९४८ मध्ये वुडीवरचं गाणं देशभर गाजलं, आणि ब्लँक कोर्टात गेले. १९४९ मध्ये निकाल विरुद्ध गेला. हसणं स्वतंत्रपणे नोंदवलेलं नव्हतं आणि चित्रपटांतून ते आधीच जगजाहीर झालं होतं, असं कोर्टाचं म्हणणं. अपिलाच्या टप्प्यावर लँट्झ यांनी तडजोड करून प्रकरण मिटवलं. आवाज ही माणसाची ओळख आहे आणि तिची नक्कल करून जाहिरात विकता येत नाही, हे अमेरिकी अपील न्यायालयानं गायिका बेट मिडलर यांच्या खटल्यात मान्य केलं तेव्हा १९८८ साल उजाडलं होतं. ब्लँक तेव्हा ऐंशीचे होते.

१९६० मध्ये वॉर्नरशी बांधून ठेवणारा करार संपला आणि ब्लँक यांनी हॅना-बार्बेरा स्टुडिओच्या ‘द फ्लिंटस्टोन्स’ या टीव्हीवरच्या कार्टून-मालिकेत बार्नी रबल हे पात्र घेतलं. पुढच्याच वर्षी, २४ जानेवारी १९६१ ला, लॉस एंजेलिसच्या सनसेट बुलेव्हार्डवरच्या एका कुप्रसिद्ध वळणावर त्यांच्या गाडीला समोरासमोर धडक बसली. कवटीला आणि पायांना फ्रॅक्चर झाले. सुमारे दोन आठवडे ते बेशुद्ध होते. डॉक्टरांनी एके दिवशी त्यांना नावानं न हाकारता बग्सच्या नावानं हाक मारली आणि उत्तर सशाच्या आवाजात आलं, अशी आठवण त्यांचे कुटुंबीय आणि डॉक्टर सांगत. व्यवसायाच्या दृष्टीनं मला त्यानंतरचे आठवडे जास्त बोलके वाटतात. बार्नीच्या काही भागांसाठी डॉस बटलर या तितक्याच कसलेल्या कलाकारानं आवाज दिला. मग ब्लँक प्लास्टरमध्ये आडवे असताना माइक त्यांच्या बिछान्यापर्यंत नेण्यात आला आणि बाकीचे कलाकार भोवती उभे राहून बोलले. ज्याच्यासाठी माइक उचलून घरी न्यावा असं नाव त्यांनी कमावलं होतं. एका गळ्यावर किती पात्रं अवलंबून आहेत हेही त्याच वेळी सगळ्यांना दिसलं.

आता ज्यांना काही मिळालं नाही त्यांच्याकडे वळू. एल्मर फड हा बग्सचा शिकारी शत्रू. त्याचा आवाज १९५९ मध्ये मृत्यू येईपर्यंत आर्थर क्यू. ब्रायन यांनी दिला. ‘र’ न येणारा, भाबडा, चिडला तरी गोड वाटणारा तो आवाज नसता तर बग्सचा खट्याळपणा कुणावर चालला असता? थिएटरच्या कार्टूनवर ब्रायन यांचं नाव आलं नाही. पाटीवर ब्लँक यांचं एकट्याचं नाव, आणि ते कोणत्या पात्राचं याचा खुलासा नाही. त्यामुळे पाहणाऱ्यांनी सहजच धरून चाललं की सगळे आवाज यांचेच. एल्मरही ब्लँक यांचाच, असं आजही अनेक जण सांगतात. आजी आणि जादूगारीण ही पात्रं करणाऱ्या जून फोरे यांचंही बराच काळ तेच. स्टॅन फ्रीबर्ग यांनी वर्षानुवर्षं दुय्यम पात्रं केली, आणि नाव आलं ते १९५७ च्या ‘थ्री लिटल बॉप्स’मध्ये, जिथे ब्लँक नव्हतेच.

हे वाचून ब्लँक यांना दोष देण्याची घाई करू नये. त्यांनी स्वतःसाठी मागितलं, जे प्रत्येक जण मागतो. नाव द्यायचं की नाही हे स्टुडिओच्या हातात होतं, आणि एक दार उघडल्यावर बाकीच्यांना बाहेर ठेवणारा स्टुडिओच होता. तरीही परिणाम परिणामच. एकाचं नाव नसणं सगळ्यांच्या निनावीपणात मिसळून जातं. एकाचंच नाव असलं की इतरांचं काम त्याच्या खात्यावर जमा होतं. ब्रायन यांच्या बाबतीत नेमकं हेच घडलं, आणि मला या प्रकरणातली सगळ्यांत दुखरी जागा हीच वाटते.

काय वेगळं करता आलं असतं

त्या वेळी हाताशी असलेल्या माहितीवर ब्लँक यांचा मूळ निर्णय बरोबर होता, असं माझं मत आहे. टीव्हीचा पैसा त्यांना १९४३ मध्ये दिसणं शक्य नव्हतं. पण तीन जागा अशा आहेत जिथे तेव्हाही वेगळं करता आलं असतं.

पहिली जागा अंमलाची. नाव ‘यापुढच्या चित्रपटांवर’ असावं की ‘यापुढे प्रदर्शित होणाऱ्या प्रत्येक प्रतीवर’ असावं, हा एका ओळीचा फरक आहे. तो केला असता तर तयार होऊन पडलेले चित्रपटही आत आले असते आणि ‘ब्लू रिबन’च्या कात्रीवरही बोट ठेवता आलं असतं.

दुसरी जागा वापराची. १९४१ मध्ये वुडी सोडताना, आधी रेकॉर्ड केलेलं हसणं पुढे कशात आणि किती वापरायचं हे लेखी ठरलं असतं तर १९४९ चा खटला कदाचित उभाच राहिला नसता. हा मुद्दा जुना झालेला नाही. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची कृत्रिम बुद्धिमत्तेनं केलेली नक्कल वापरायला अंतरिम मनाई केली. मोठ्या गायकाला न्यायालयात दाद मागता येते. मुंबईत दिवसाच्या हिशेबानं डबिंग करणाऱ्या कलाकाराला आपला बचाव सही करतानाच करून ठेवावा लागतो. रेकॉर्डिंग कोणत्या कामासाठी, कोणत्या माध्यमासाठी, आणि त्यातून यंत्राला आवाज शिकवायचा असेल तर वेगळी परवानगी, हे लिहूनच घ्यायला हवं.

नावाचा प्रश्नही आपल्याकडे नुसत्या मानाचा राहिलेला नाही. भारताच्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती झाली. कलाकाराला ‘हे काम माझं आहे’ असं सांगण्याचा हक्क मिळाला. त्याच दुरुस्तीत एक परंतुकही आलं. चित्रपटात ज्याचं काम प्रासंगिक किंवा किरकोळ आहे आणि धंद्याच्या रिवाजानुसार ज्याचं नाव श्रेयनामावलीतही येत नाही, तो बहुतेक बाबतींत कायद्याच्या नजरेत कलाकारच ठरत नाही. यात दोन्ही अटी एकत्र लागतात, त्यामुळे मुख्य पात्राचा आवाज देणाऱ्यानं लगेच घाबरायचं कारण नाही. पण ‘आमच्याकडे आवाजवाल्यांची नावं द्यायची पद्धत नाही’ हे वाक्य ऐकून मान डोलावणाऱ्यानं लक्षात घ्यावं, की त्या पद्धतीला कायद्यातही वजन दिलं गेलं आहे.

तिसरी जागा सहकाऱ्यांची. मार्च १९४५ मध्ये करार सुधारून घेताना ब्लँक यांचं वजन वाढलेलं होतं. त्यांनी ब्रायन आणि बेनाडेरेट यांची नावंही पाटीवर यावीत असं म्हटलं असतं तर स्टुडिओनं ऐकलं असतं का, हे सांगता येत नाही. खर्चाचं कारण पुढे करता आलं नसतं, कारण ओळ रंगवायला काही लागत नाही हे श्लेसिंगर यांनीच दाखवून दिलं होतं. जागा नव्हती असंही म्हणता येत नाही. १९६० मध्ये ‘द फ्लिंटस्टोन्स’च्या शेवटच्या नामावलीत आवाज देणाऱ्यांची नावं एकत्र येऊ लागली. त्यांत मेल ब्लँक होते, आणि बेटी रबल करणाऱ्या बी बेनाडेरेटही होत्या.